मिडवाइफने विचारलेला पैशाचा प्रश्न : ग्लासगोमधल्या एका भागीदारीचा अभ्यास

बालदारिद्र्य कमी करायचं तर सगळ्या संस्थांनी एकत्र यायला हवं, यावर कुणाचंच दुमत नसतं. अडचण सुरू होते ती एकत्र आल्यावर. बैठका होतात, करारावर सह्या होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून नेमकं कोणी काय वेगळं करायचं, हे कुणालाच सांगता येत नाही. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो परिसरात २०१० साली सुरू झालेला ‘हेल्दिअर, वेल्दिअर चिल्ड्रन’ हा प्रकल्प मला म्हणूनच मोलाचा वाटतो. भागीदारांची यादी लांबलचक होती, पण काम एका वाक्यात मावत होतं. गरोदर बाई किंवा लहान मुलाची आई ज्या आरोग्य कर्मचाऱ्याशी विश्वासाने बोलते, त्याने तिला पैशाच्या अडचणीबद्दल विचारायचं आणि तिची संमती घेऊन तिचं नाव आर्थिक सल्ला देणाऱ्या संस्थेकडे पाठवायचं.

परिस्थिती काय होती

ब्रिटनमध्ये मध्यक उत्पन्नाच्या, म्हणजे सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीने लावली तर बरोबर मधल्या घराच्या उत्पन्नाच्या, ६० टक्क्यांहून कमी उत्पन्न असलेल्या घरातलं मूल सापेक्ष दारिद्र्यात धरलं जातं. त्या काळात ग्लासगो शहरात साधारण तीनपैकी एक मूल अशा घरात वाढत होतं. जहाजबांधणीसाठी जगभर नाव असलेलं हे शहर. तो उद्योग आटत गेला तशी शहराच्या अनेक भागांत गरिबी मुक्कामालाच आली. शहरातल्या श्रीमंत आणि गरीब वस्त्यांच्या आयुर्मानातली तफावत तिथल्या आरोग्य यंत्रणेला पुरती ठाऊक होती. गरिबीचा प्रश्न बाजूला ठेवून आरोग्य सुधारता येणार नाही, हे पटवून द्यायची गरज नव्हती. ते दवाखान्यातून कसं करायचं, हा प्रश्न होता.

मूल येतं तेव्हा घराचं गणित दोन्ही बाजूंनी बिघडतं. खर्च वाढतो आणि आईची मिळकत घटते. नेमक्या याच टप्प्यासाठी ब्रिटनच्या सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत पैसे ठेवलेले होते. प्रत्येक मुलामागे मिळणारा चाइल्ड बेनिफिट, कमी उत्पन्नाच्या घरांसाठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट, बाळंतपणासाठी ५०० पौंडांचं शुअर स्टार्ट मॅटर्निटी ग्रँट, दूध, फळं आणि भाजीसाठी हेल्दी स्टार्टची कुपनं. पण यातलं बरंचसं आपोआप खात्यावर येत नसे. अर्ज करावा लागे, तोही मुदतीत. एक गोष्ट मिळाली की दुसरीची दारं उघडत किंवा बंद होत. हे जाळं समजून घेणं हे पूर्णवेळ शिकण्याचं काम आहे. बाळंतपणाला टेकलेल्या बाईने ते एकटीने करावं ही अपेक्षाच चुकीची.

आता दोन यंत्रणा समोरासमोर ठेवून पाहा. एकीकडे मिडवाइफ, म्हणजे गरोदरपणापासून बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांपर्यंत बाईची देखभाल करणारी प्रशिक्षित कर्मचारी. तिच्यानंतर हेल्थ व्हिजिटर येते. मूल शाळेत जाईपर्यंत घरी येऊन त्याची वाढ पाहणारी ही परिचारिका. या दोघींना जवळपास प्रत्येक बाळाचं घर माहीत असतं, घरातला गारठाही आणि रिकामा फ्रिजही. पण टॅक्स क्रेडिटचे नियम त्यांचा विषय नव्हता. दुसरीकडे सल्लागार. ते नगरपालिकेच्या म्हणजे कौन्सिलच्या सेवेत, सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरो या मोफत सल्ला देणाऱ्या स्वयंसेवी संस्थेत किंवा वस्तीतल्या एखाद्या संस्थेत बसणारे. नियम त्यांना तोंडपाठ, पण माणूस त्यांच्याकडे येतो तो बहुतेक वेळा प्रकरण हाताबाहेर गेल्यावर: कर्ज थकलेलं, घर खाली करण्याची नोटीस आलेली. तान्ह्या बाळाची आई त्या रांगेत क्वचितच दिसे.

एक बारकावा मला फार बोलका वाटतो. मॅटर्निटी ग्रँट आणि हेल्दी स्टार्ट या दोन्हींच्या अर्जावर आरोग्य कर्मचाऱ्याची सही लागत असे. म्हणजे पैशाचा कागद मिडवाइफच्या हाताखालून आधीपासूनच जात होता. तिने सही केली, बाई कागद घेऊन गेली, संपलं. पुढे अर्ज पाठवला का, फेटाळला तर काय, या दोहोंव्यतिरिक्त आणखी काही मिळण्यासारखं आहे का, हे विचारण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. दोन्ही यंत्रणा आपापलं काम चोख करत होत्या आणि घर मधल्या फटीतून खाली जात होतं.

त्यात काळ वाईट. २०१० मध्ये लंडनमध्ये सत्तेवर आलेल्या ब्रिटिश सरकारने कपात सुरू केली. प्रत्येक गरोदर बाईला मिळणारं १९० पौंडांचं अनुदान जानेवारी २०११ पासून बंद झालं. एप्रिल २०११ पासून मॅटर्निटी ग्रँट पहिल्या मुलापुरतं उरलं आणि चाइल्ड बेनिफिटची रक्कम तीन वर्षांसाठी गोठवली गेली. जे मिळत होतं ते आटत असताना, जे अजून हक्काचं आहे ते तरी घरात पोहोचवणं अधिकच निकडीचं झालं.

कोण कोण होतं

पुढाकार एनएचएस ग्रेटर ग्लासगो अँड क्लाइड या सरकारी आरोग्य मंडळाचा. स्कॉटलंडमधलं हे सर्वांत मोठं आरोग्य मंडळ. ग्लासगो शहराबरोबर रेनफ्रूशायर, इन्व्हरक्लाइड, वेस्ट डनबार्टनशायर असे शेजारचे भागही त्यात येतात. स्कॉटिश सरकारने सुमारे १० लाख पौंड दिले. कौन्सिलं आणि सल्ला देणाऱ्या स्वयंसेवी संस्था आपापल्या भागात सोबत आल्या. मूल्यमापन ग्लासगो सेंटर फॉर पॉप्युलेशन हेल्थने केलं. २००४ साली स्थापन झालेलं हे केंद्र स्वतःच आरोग्य मंडळ, ग्लासगो सिटी कौन्सिल आणि स्कॉटिश सरकार यांच्या भागीदारीतून उभं राहिलेलं.

प्रत्येक भागातली सल्ला-व्यवस्था निराळी होती. कुठे कौन्सिलचीच यंत्रणा मजबूत, कुठे स्वयंसेवी संस्थेचं बस्तान जुनं. प्रकल्पाने सगळ्यांवर एकच साचा लादला नाही, आणि हा निर्णय माझ्या मते निम्मी लढाई जिंकून देणारा होता. कारण अशा भागीदाऱ्या बहुतेकदा पैशाच्या वाटणीवर आणि ‘पद्धत कुणाची’ या मुद्द्यावर मोडतात. इथे स्थानिक रचना वेगळी राहू दिली. जुळायला हवी होती ती पाठवण्याची सोपी वाट आणि नोंद. किती जणांना पाठवलं, त्यांतल्या किती जणांशी सल्लागाराचं बोलणं झालं, किती पैसे मिळाले, हे सगळीकडे मोजलं गेलं. एकसारखी नोंद नसती तर पुढे सांगतो ते आकडे आज आपल्याकडे नसते, आणि आकडे नसते तर प्रकल्पाचे पैसे संपले त्या दिवशी सगळंच संपलं असतं.

प्रश्न विचारणं हेच अवघड

गरोदर बाईची मिडवाइफशी पहिली सविस्तर भेट होते तेव्हा प्रश्नांची मोठी यादी असते. धूम्रपान, दारू, मनाची स्थिती, घरात मारहाण होते का. इतके खाजगी प्रश्न विचारण्याची सवय असलेल्या कर्मचाऱ्यांना ‘पैशाची काही काळजी आहे का?’ हे विचारणं जड जात होतं. बाहेरून पाहणाऱ्याला याचं आश्चर्य वाटेल, पण त्यामागची कारणं खरी आहेत. बाईला वाटेल, ही मला गरीब समजते. तिला भीती वाटेल की मूल नीट सांभाळता येणार नाही असा शेरा कुठेतरी लिहिला जाईल. आणि तिने खरंच ‘हो, आहे’ म्हटलं तर पुढे काय करायचं? हातात उत्तर नसताना प्रश्न विचारणं कुठल्याही प्रामाणिक माणसाला नको वाटतं. भेटीची वेळही ठरलेली, मागची बाई दाराबाहेर थांबलेली.

या अडचणीवर नुसतं प्रशिक्षण पुरत नाही. मिडवाइफला कायदा शिकवणं हा मोहाचा पण चुकीचा रस्ता आहे. नियम दर वर्षी बदलतात आणि अर्धवट सल्ला कधी कधी सल्ला नसण्याहून वाईट ठरतो. ग्लासगोमध्ये तिच्याकडून मागितलं ते एवढंच: विचार, ऐक, संमती घे, पाठव. उत्तर देणं सल्लागाराचं काम. ही विभागणी स्पष्ट झाली की प्रश्न विचारणाऱ्याच्या मनावरचं ओझं उतरतं, कारण आता ‘हो’ आलं तर त्याचं पुढे काय होणार हे तिला माहीत असतं.

दुसरा मुद्दा सगळ्यांना विचारण्याचा. जी गरीब दिसते तिलाच विचारायचं ठरवलं की प्रश्न लगेच अपमान होतो. शिवाय दिसण्यावरून अंदाज चुकतात. नवरा-बायको दोघं नोकरीत, घर नीटनेटकं, आणि प्रसूती रजेत मिळकत निम्म्यावर आलेली, अशी घरं कुणाच्या नजरेत भरत नाहीत. प्रत्येकीला विचारलं जातं आणि तसं सांगूनच विचारलं जातं, तेव्हा प्रश्न रक्तदाबाच्या तपासणीइतका साधा होतो. हा प्रश्न नेहमीच्या कामाचा आणि नोंदीचा भाग व्हायला हवा, कुणाच्या उत्साहावर तो अवलंबून राहू नये, हा या प्रकल्पातून निघालेला सर्वांत टिकाऊ धडा.

पाठवणं म्हणजे पत्रक देणं नव्हे

अनेक संस्था ‘आम्ही लोकांना अमुक सेवेकडे पाठवतो’ असं म्हणतात आणि प्रत्यक्षात हातात एक पत्रक किंवा फोन नंबर देतात. रात्रभर जागलेली आई तो नंबर फिरवेल, रांगेत थांबेल आणि अनोळखी माणसाला स्वतःची आर्थिक हालत सांगेल, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. इथे दिशा उलटी होती. संमती मिळाली की नाव आणि नंबर सल्लागाराकडे जाई आणि संपर्क साधण्याचा भार सल्ला देणाऱ्या संस्थेवर येई. भागीदारी म्हणून मी याला सर्वाधिक गुण देतो. दोन संस्थांमधलं अंतर कुटुंबाने चालायचं की संस्थांनी, याचा इथे सरळ निर्णय झाला होता.

सल्ला देणाऱ्या संस्थांनाही बदलावं लागलं. कार्यालयातली ठरलेली वेळ तान्ह्या बाळाच्या आईला पाळता येत नाही. फोनवर सल्ला, घरी भेट, दवाखान्यातच बसणं, अशा सोयी कराव्या लागल्या. आरोग्य यंत्रणेने प्रश्न विचारायचा आणि सल्ला-यंत्रणेने मात्र जुन्याच चाकोरीत बसून राहायचं, असं झालं असतं तर पाठवलेली नावं कागदावरच राहिली असती.

आकडे काय सांगतात

ऑक्टोबर २०१० ते जानेवारी २०१२ या पहिल्या टप्प्यात २,५१६ गरोदर बायकांना आणि कुटुंबांना सल्ल्यासाठी पाठवलं गेलं. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त जणांनी सल्ला घेतला. ६६३ जणांच्या, म्हणजे पाठवलेल्यांपैकी सुमारे २६ टक्क्यांच्या पदरात थेट पैसे पडले. सरासरी लाभ वर्षाला ३,४०४ पौंड, एकूण सुमारे २२ लाख ५६ हजार पौंड.

बातमीत शेवटचा आकडा जातो. अभ्यास करणाऱ्याने मधल्या गळतीकडे पाहावं. शंभरांना पाठवलं, त्यांतले चोपन्न-पंचावन्न सल्लागारापर्यंत पोहोचले आणि सव्वीस जणांना पैसे मिळाले. पहिली गळती संपर्काची आहे. फोन लागत नाही, नंबर बदललेला असतो, ठरलेल्या दिवशी बाळ आजारी पडतं, किंवा ‘हो’ म्हणाल्यानंतर मन कचरतं. दुसरी गळती वेगळ्या जातीची आहे. सल्ला घेतलेल्या पण पैसे न मिळालेल्यांत काही घरांना जे मिळायचं ते आधीच मिळत होतं, काहींना नियमांनी काहीच देऊ केलेलं नव्हतं. ही दुसरी गळती प्रकल्पाचा दोष नाही. उलट, ती जपून नोंदवली तर नियम कुठे तोकडे पडतात याचा पुरावा तिच्यातूनच उभा राहतो.

पैशाबाहेरचे लाभही नोंदवले गेले: पाळणाघर, घराचे प्रश्न, कर्जाची फेररचना, इमिग्रेशनविषयी सल्ला, धर्मादाय मदत. हे रकमेत मोजता येत नाहीत आणि म्हणून अहवालात मागे पडतात. घर खाली करण्याची नोटीस थांबली तर त्या बाळाच्या दृष्टीने ती ३,४०४ पौंडांहून मोठी गोष्ट असू शकते.

सरासरीकडे मात्र पुन्हा एकदा पाहू या. कमी उत्पन्नाच्या घरात वर्षाला साडेतीन हजार पौंडांच्या आसपास वाढ म्हणजे आठवड्याला ६५ पौंड. तेवढ्यात थंडीत हीटर चालू राहतो, भाडं वेळेवर जातं. आणि ही कुणी उपकार म्हणून दिलेली रक्कम नाही. संसदेने मंजूर केलेला, त्या घराच्या नावावर असलेला पैसा त्या घरात गेला, एवढंच.

विचारणाऱ्याला कळवणं

हेल्थ व्हिजिटरकडून येणारी नावं मिडवाइफकडून येणाऱ्यांपेक्षा जास्त राहिली. कारण समजण्यासारखं आहे. हेल्थ व्हिजिटर त्याच घरी पुन्हा पुन्हा जाते. ओळख वाढते, आणि आपण पाठवलेल्या आईचं काय झालं हे तिला पुढच्या भेटीत तिच्याच तोंडून कळतं. मिडवाइफचा संबंध बाळंतपणानंतर लवकरच संपतो. तिने पाठवलेलं नाव तिच्या दृष्टीने अंधारात जातं. ज्याने सुरुवात केली त्याला शेवट कळला नाही तर हळूहळू सुरुवात करणं थांबतं. माणसाचा स्वभावच तो.

म्हणून सल्ला देणाऱ्या संस्थेने उलट निरोप पाठवणं हा या भागीदारीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सहज विसरला जाणारा भाग ठरतो. सगळा तपशील नको, गोपनीयता पाळायलाच हवी. ‘तुम्ही पाठवलेल्या कुटुंबाशी बोलणं झालं, अर्ज गेला’ इतकं पुरतं. भागीदारी करारात किती वेळा भेटायचं हे लिहिलेलं असतं. उलट निरोप कोणी, किती दिवसांत द्यायचा हे मी फार क्वचित वाचलं आहे.

पैसे संपल्यावर

प्रकल्पाचा निधी संपला तेव्हा नेहमीचा प्रश्न आला: आता काय? इथे वाट बंद पडली नाही. सेवा स्वतंत्र इमारतीत बसलेली नव्हती. प्रश्न विचारणारे पगारी आरोग्य कर्मचारी होते आणि सल्ला देणाऱ्या संस्था आधीपासून त्या भागात होत्या. निधीतून ही दोन टोकं जोडली गेली होती. जोडणी झाल्यावर ती चालू ठेवायला लागतो तो खर्च बराच कमी. तरी सल्ला देणाऱ्या संस्थांवर भार वाढतो हे खरंच, आणि त्यांचा स्वतःचा निधी दर वर्षी टांगणीला असतो. पाठवणारा मोठा आणि सुरक्षित, झेलणारा छोटा आणि असुरक्षित, हा तोल इथेही पूर्ण सुटला नाही.

मोठा बदल कायद्यातून आला. स्कॉटिश संसदेने २०१७ साली चाइल्ड पॉव्हर्टी (स्कॉटलंड) ॲक्ट एकमताने मंजूर केला. त्यात २०३० साठी उद्दिष्टं आहेत. सापेक्ष दारिद्र्यातल्या मुलांचं प्रमाण १० टक्क्यांखाली आणणं हे त्यातलं एक. पण या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचं कलम दुसरं. प्रत्येक कौन्सिलने आणि तिथल्या आरोग्य मंडळाने मिळून दर वर्षी बालदारिद्र्याविषयीच्या कामाचा अहवाल द्यायचा. गरोदर बायका आणि मुलं असलेली कुटुंबं यांना आर्थिक मदतीची माहिती, सल्ला आणि अर्जासाठी साहाय्य देण्यासाठी काय केलं, हे त्यात लिहायचं. एका परिसरात काही आरोग्य कर्मचारी आणि सल्लागार यांनी चालवून पाहिलेली गोष्ट आता देशभरच्या संस्थांना उत्तर द्यावं लागेल अशी जबाबदारी झाली. संयुक्त अहवालाचं बंधन मला योग्य वाटतं. वेगवेगळे अहवाल मागितले असते तर प्रत्येकाने आपल्या हद्दीपुरतं लिहिलं असतं आणि मधली फट पुन्हा कुणाच्याच पानावर आली नसती.

कुठे हात पोहोचत नाही

या वाटेने घरात तेवढाच पैसा येतो जेवढा कायद्याने देऊ केलाय. एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलांना चाइल्ड टॅक्स क्रेडिट आणि त्याची जागा घेणारा युनिव्हर्सल क्रेडिट हा कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा भत्ता यांतून वगळण्यात आलं तेव्हा उत्तमातला उत्तम सल्लागारही त्या मुलासाठी हे पैसे सहसा मिळवू शकत नव्हता. ज्या संस्थांच्या हातात रोजची प्रकरणं असतात त्यांनी ती धोरण ठरवणाऱ्यांपुढे मांडणं म्हणूनच भागीदारीचाच भाग मानायला हवं. स्कॉटलंडमध्ये तसा दबाव उभा राहिला. चाइल्ड पॉव्हर्टी ॲक्शन ग्रुपसारख्या संस्थांनी, चर्चने आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी मिळून चाइल्ड बेनिफिटमध्ये आठवड्याला ५ पौंडांची भर घालण्याची मागणी लावून धरली. डिसेंबर २०१८ मध्ये स्कॉटिश सरकारने मॅटर्निटी ग्रँटच्या जागी आणलेल्या बेस्ट स्टार्ट ग्रँटने दुसऱ्या आणि पुढच्या बाळासाठीही ३०० पौंड पुन्हा देऊ केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी स्कॉटिश चाइल्ड पेमेंट आलं, सुरुवातीला सहा वर्षांखालील मुलांसाठी आठवड्याला १० पौंड. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते २५ पौंड झालं आणि सोळा वर्षांखालील मुलांपर्यंत गेलं.

एवढं होऊनही त्या कायद्याने सापेक्ष दारिद्र्यासाठी २०२३-२४ पर्यंतचं म्हणून ठरवलेलं १८ टक्क्यांचं मधलं उद्दिष्ट हुकलं. प्रमाण २२ टक्के राहिलं. भाडं, मजुरी, पाळणाघराचा खर्च आणि लंडनमध्ये ठरणारे नियम ही सगळी ओझी सल्ल्यासाठी नाव पाठवल्याने उचलली जाणार नव्हती.

आणि एक गट असा आहे ज्याच्यापर्यंत ही वाट जवळजवळ पोहोचतच नाही. व्हिसाच्या अटींमुळे ज्या आई-वडिलांना सरकारी भत्ते घेता येत नाहीत, त्यांच्या घरात मिडवाइफ जाते, प्रश्न विचारते, ‘हो, काळजी आहे’ असं उत्तरही मिळतं. सल्लागार हिशेब मांडतो आणि हाताला फार थोडं लागतं. स्कॉटिश चाइल्ड पेमेंटसाठीही आधी युनिव्हर्सल क्रेडिटसारखा एखादा भत्ता चालू असावा लागतो. अशा घरांसाठी उरतं ते १९९५ च्या चिल्ड्रन (स्कॉटलंड) ॲक्टचं कलम २२. गरजू मुलाच्या कल्याणासाठी कौन्सिलने मदत करावी असं ते सांगतं, आणि प्रसंगी ही मदत रोख रकमेतही देता येते. ते काम कौन्सिलच्या सोशल वर्क विभागाचं. आरोग्य आणि आर्थिक सल्ला या दोन टोकांपुरती आखलेली वाट तिथे अपुरी पडते, आणि तिसऱ्या विभागाला पहिल्या दिवसापासून सोबत घेतल्याशिवाय ती पुरी होणार नाही.